वाचलेला रुपया जातो कुठे?

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री महाराष्ट्रात घरोघरी डबे उघडले गेले. आठ वाजता पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्याचं टीव्हीवर ऐकलं आणि जेवणं उरकायच्या आत कुठे पोह्यांच्या डब्याच्या तळातून, कुठे देव्हाऱ्याखालच्या कापडातून, कुठे पैठणीच्या घडीतून नोटा बाहेर आल्या. नवऱ्याला ठाऊक नसलेल्या पैशाचा हिशेब बायकोला त्याच्याच देखत द्यावा लागला. कुणाकडे चार हजार निघाले, कुणाकडे चाळीस. सरकारलाही या डब्यांची दखल घ्यावी लागली. गृहिणींनी अडीच लाखांपर्यंत भरणा केला तर चौकशी होणार नाही, असं जाहीर झालं. पुढचे कित्येक दिवस नवरे मंडळींनी यावर विनोद केले. हे पैसे साठले कसे, हे विचारायचं मात्र बहुतेकांच्या डोक्यात आलं नाही.

पगार तोच, भाडं तेच, शाळेची फी तीच. त्यातून भाजीचे पाच, रद्दीचे पन्नास, माहेरून आलेली ओवाळणी, रिक्षा सोडून चालत आल्याचे वीस. हे सगळं घरखर्चात सहज विरघळलं असतं. विरघळलं नाही, कारण हातात उरलेली नोट उरली त्याच दिवशी डब्यात गेली. काटकसरीच्या युक्त्या आपल्याकडे ढिगाने सांगितल्या जातात आणि त्यातल्या बऱ्याचशा खऱ्याही असतात. पण युक्तीने सुटलेला पैसा महिनाअखेर नेमका कुठे असतो, ते कुणी सांगत नाही. या लेखात युक्त्या येतीलच, पण त्यांच्या शेवटी हा प्रश्न विचारायचा आहे.

सुरुवात गॅसपासून. पाणी उकळायला लागलं की शंभर अंशांपाशी थांबतं. खाली ज्योत कितीही मोठी केली तरी बटाटा लवकर शिजत नाही, नुसतं पाणी आटतं. कुकरात दाबामुळे तेच पाणी १२० अंशांच्या आसपास जातं, म्हणून डाळ लवकर मऊ होते. शिट्टी म्हणजे त्या कुकराने टाकून दिलेली जास्तीची वाफ. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून घड्याळ बघायचं, हे कुकरच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. आपल्याकडे मात्र पाककृतीच मुळी 'चार शिट्ट्या काढा' अशी सांगतात आणि मोठ्या आचेवर सहा काढल्या तरी कुणाला वावगं वाटत नाही. डाळ अर्धा तास आधी भिजत घालणं, वरण-भात-बटाटे एकाच कुकरात लावणं, रिंग ढिली पडली की लगेच बदलणं, एवढ्याने फरक पडतो. किती पडतो ते बघायची सोय भिंतीवरच आहे. १९७३ पासून मराठी घरात 'कालनिर्णय' येऊ लागलं आणि दुधाच्या खाड्यांबरोबर सिलिंडर लावल्याची तारीखही त्या चौकोनात जाऊन बसली. १४.२ किलोचा सिलिंडर पस्तीस दिवसांऐवजी चाळीस दिवस पुरला तर वर्षाकाठी एक सिलिंडर वाचतो. त्या सिलिंडरचे पैसे कुणी बाजूला काढल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. ते वर्षभरात कुणाच्या नकळत वडापाव होऊन जातात.

साठवणीचं प्रकरण याहून जुनं आणि गुंतागुंतीचं आहे. रायगड-ठाण्याच्या किनाऱ्यावरच्या आगरी-कोळी घरांत मे महिना आगोटीचा. सुकट, जवळा, बोंबील, सोडे, वर्षाचा मसाला, आमसुलं, चिंच आणि पांढऱ्या कांद्याच्या माळा अशी पावसाळ्याची बेगमी होते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे तिथे आगोट ही हौस नव्हे. देशावरच्या घरांत याच दिवसांत गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड वाळत असतात आणि कोठीत गहू-ज्वारी येऊन पडते. आता हीच रीत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आणली तर परवडते का? वर्षाचा गहू भरायचा म्हटलं तर पलंगाखाली पिंपं, मग एरंडेल चोळणं, कडुनिंबाचा पाला, ऊन दाखवायला हक्काची गच्ची नाही, आणि श्रावणात किडे झालेच. दरातला फरक या उस्तवारीत निघून जातो. मिरची-हळदीचं गणित वेगळं. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मिरचीचा नवा माल येतो. तेव्हा मिरची घेऊन, देठं काढून, दोन कडक उन्हं देऊन डंकावर मसाला कुटून आणला की वर्षाची ददात मिटते. शिवाय चव घरची.

मात्र ज्याच्यावर खरोखर पैसे सुटू शकतात असा जिन्नस म्हणजे कांदा. खरिपाचा लाल कांदा पाणीदार, तो टिकत नाही. मार्चपासून मेपर्यंत निघणारा उन्हाळ कांदा नीट ठेवला तर पाच-सहा महिने राहतो. जुना कांदा संपत आलेला आणि नवा लाल बाजारात पुरेसा आलेला नाही, किंवा परतीच्या पावसाने शेतातच सडलेला, अशा सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दिवसांत भाव भडकतात. दिवाळीच्या तोंडावर कांद्याची बातमी पहिल्या पानावर येते ती या फटीमुळे. म्हणून मे महिन्यात घासाघीस करून गोणी घेणाऱ्या बायका वेड्या नसतात. त्या कांद्याची मान दाबून बघतात. मान बारीक आणि कडक वाळलेली हवी, जाड मानेचा कांदा आतून आधी जातो. मग वारं खेळेल अशा जागी एका थरात पसरायचा, प्लॅस्टिकची पिशवी लावायची नाही, बटाट्याशेजारी ठेवायचा नाही आणि दर आठवड्याला हात फिरवून मऊ पडलेला आधी भाजीत घालायचा. हे न करणाऱ्याचा कांदा जुलैतच वास मारतो. शिवाय दर वर्षी भाव चढतोच असं नाही. हा अंदाज लासलगावच्या व्यापाऱ्याचाही चुकतो, तिथे आपण कोण! मला वाटतं, घरात चार खाणारी माणसं आणि वाऱ्याची गॅलरी असेल तर गोणी घ्यावी, नाहीतर आठवड्याचा बाजार बरा.

एकट्या घराला जे जमत नाही ते दहा घरांना जमतं, हे मुंबईने दोनदा करून दाखवलं. पहिल्यांदा १९४८ साली, नायगावच्या कामगार वस्तीत. तिथल्या सहकारी धान्य दुकानातून पुढे 'अपना बाजार' उभा राहिला. दुसऱ्यांदा सत्तरीच्या दशकात. १९७२ चा दुष्काळ, रेशनवरची लाल मिलो ज्वारी, रॉकेल-तेलाच्या रांगा आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यामागे रस्त्यावर उतरलेल्या लाटणी-थाळ्या हे सगळं ताजं असताना, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. चळवळीच्या मुळाशी बिंदुमाधव जोशी होते आणि बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, त्यांच्या साथीला होते. रचना अगदी साधी. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, पैसे आधी भरायचे. माल थेट ठोक बाजारातून येऊन एका सभासदाच्या घरी उतरणार. दुकान नाही, त्यामुळे दुकानाचं भाडं नाही, नोकर नाही, उधारी नाही, शिळा उरलेला माल नाही. मधले सगळे खर्च गेले की डाळ स्वस्त होणारच.

पण मधलं काम जात नाही, ते कुणाच्या तरी अंगावर येतं. वाटपाच्या दिवशी बाहेरच्या खोलीतली टीपॉय भिंतीला लागायची, सतरंजीवर पोती, मध्ये तराजू. एकजण यादी वाचणार, 'तूरडाळ तीन, साखर पाच, रवा एक', दुसरी मापणार, तिसरी पिशवीवर चिठ्ठी टाकणार. पोत्याच्या तळाला शेवटी पावशेर कमी भरायचं आणि ती घट कुणी सोसायची यावर पाच मिनिटं चर्चा. ही पद्धत अर्धशतक टिकून आहे ही साधी गोष्ट नव्हे, पण ती उभी राहिली ती दुपारी घरी असणाऱ्या किंवा नोकरीवरून येऊन पदर खोचणाऱ्या बायकांच्या वेळावर. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा त्यातला वेळ सरासरी २९९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ९७. बचतीचा सल्ला देणाऱ्याने हे दोन आकडे आधी समोर ठेवावेत. 'बाहेरून पोळ्या आणू नका, घरी करा' हे वाक्य घरातल्या कुणाला उद्देशून आहे, ते सांगायलाच नको.

कपड्यांच्या बाबतीत आपण जी विद्या जवळपास विसरलो, तिच्यातलं एक काम जवळून बघण्यासारखं आहे. चादर कधी कडेने विरत नाही, विरते ती मधोमध, जिथे अंग पडतं. कडा मात्र कोऱ्या करकरीत असतात. मग चादर उभी मधून फाडायची, दोन्ही बाहेरचे काठ एकमेकांना जोडून शिवायचे आणि विरलेल्या बाजू आता कडेला आल्या त्यांना बारीक दुमड घालायची. मधोमध एक शिवण येते, पाठीला किंचित टोचते, पण चादर आणखी दोन वर्षं जाते. त्यानंतर उशीचे अभ्रे, मग हातपुसणं, मग पायपुसणं, शेवटी सायकल पुसायचा बोळा. शर्टाची कॉलर घडीवर झिजली की शिंपी ती उसवून उलटी लावून द्यायचा. आता चादर सेलमध्ये मिळते आणि उलटी कॉलर लावून देणारा शिंपी सापडला तरी त्याची मजुरी ऐकून माणूस नवा शर्ट घेतो. यात हळहळण्यासारखं मला फार वाटत नाही. शिंप्यालाही घर आहे.

बोहारीण मात्र अजून काही वस्त्यांत येते. तिच्यासमोर बसलेली गृहिणी बघावी. इकडे पाच पँटी, तीन साड्या. तिकडे झाकणाचं स्टीलचं पातेलं. बोहारीण पँटीची चेन ओढून बघते, गुडघ्यापाशी कापड उजेडाला धरते, सुती साडी बाजूला टाकते, जरीचा काठ दिसला की चेहऱ्यावर काही न दाखवता ती आपल्याकडे ओढते. 'ताई, अजून दोन शर्ट टाका.' 'अगं, हाच कोरा आहे, साहेबांना लहान झाला.' पातेलं तीनदा टोपलीत परत जातं आणि चौथ्यांदा बाहेर येतं. या सौद्यात नक्की कोण जिंकलं हे दोघींपैकी कुणीच सांगत नाही. पण घरखर्चाच्या दृष्टीने बघितलं तर बोहारणीची पद्धत चोख आहे: जे वाचलं त्याची वस्तू लगेच हातात.

विजेच्या बिलाबद्दल एक गैरसमज इतका पक्का आहे की तो आधी काढायला हवा. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, ३०१ ते ५०० ला तिसरा, त्यापुढे चौथा. बऱ्याच जणांना वाटतं, ३०० च्या वर एक युनिट गेलं की सगळंच बिल वरच्या दराने लागतं. तसं नाही. ३१० युनिट झाली तर वरचा दर फक्त शेवटच्या दहांना. उलट बाजूने हीच गोष्ट आपल्या फायद्याची आहे. वाचवलेलं युनिट नेहमी सगळ्यांत महाग टप्प्यातून वजा होतं. म्हणून पंख्याकडे बघा. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॉट घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. दिवसाला बारा तास चालला तर महिन्याला एका पंख्यामागे सोळा युनिटं वाचतात. घरात तीन पंखे असतील तर हिशेब आपला आपण करावा. जुना ठोकळ्यासारखा रेग्युलेटर असेल तर पंखा हळू फिरवून वीज फारशी वाचत नाही, ती रेग्युलेटर तापवण्यात जाते. सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी जागाच असतो. तो दहा वॉट घेतो असं धरलं तर महिन्याला सात युनिटं नुसती जागरणाची. दिवे मालवत फिरणाऱ्या आजोबांचा काळ साठ वॉटच्या बल्बचा होता. नऊ वॉटच्या एलईडीसाठी मुलांवर ओरडण्यात आता फारसा अर्थ नाही. ओरडायचंच तर गीझरसाठी ओरडावं, दोन हजार वॉटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट खातो.

दुकानातल्या गोष्टी पटकन सांगतो. पाकिटावर आता प्रतिग्रॅम किंवा प्रतिमिली किंमतही छापलेली असते. ऑफरच्या पिवळ्या पाटीपेक्षा ती बारीक ओळ वाचावी. मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं हे खरं नाही, शांपूच्या पुड्या कित्येकदा बाटलीपेक्षा स्वस्त निघतात. दहा रुपयांचा पुडा वर्षानुवर्षं दहालाच मिळतो, फक्त आतली बिस्किटं कमी होत जातात. तेल घेताना लिटर आणि किलो यांची गल्लत करू नये, एक लिटर तेलाचं वजन सुमारे ९१० ग्रॅम भरतं. आणि घरपोच मागवताना डिलिव्हरी फुकट व्हावी म्हणून टोपलीत टाकलेली नमकीनची पिशवी ही त्या डिलिव्हरीचीच किंमत आहे.

औषधांना मात्र थोडा वेळ द्यायला हवा, कारण पन्नाशीनंतरच्या घरात किराण्याखालोखाल तोच खर्च असतो आणि तो दर महिन्याला, न चुकता येतो. रक्तदाब, साखर, थायरॉईड यांच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालतात. जनौषधी केंद्रांत त्याच घटकाची जेनेरिक गोळी ५० ते ८० टक्के कमी किमतीत मिळते, असा सरकारचा दावा आहे आणि पट्टीवरच्या किमती शेजारी ठेवल्या तर फरक डोळ्यांना दिसतो. डॉक्टरांकडून कंपनीच्या नावाऐवजी औषधाच्या घटकाचं नाव लिहून मागावं आणि बदल त्यांना सांगूनच करावा. कोथिंबिरीची जुडी फुकट मागणारे आपण डॉक्टरांसमोर हे विचारायला संकोचतो. कोथिंबिरीवर वर्षभरात जेवढं सुटेल तेवढं इथे एका महिन्यात सुटतं.

आता मूळ प्रश्न. सिलिंडरचे, पंख्यांचे, गोळ्यांचे मिळून महिन्याला हजार-दोन हजार सुटले असं धरू. ते आहेत कुठे?

पूर्वी त्याला डबा होता. डब्याला व्याज नव्हतं, पण मालकीण होती. डब्याची थोरली बहीण म्हणजे भिशी. बाराजणी, महिन्याला दोन-दोन हजार, दर महिन्याला चिठ्ठी निघते आणि जिचं नाव येतं तिला चोवीस हजार. पहिल्या नंबरवालीला हे बिनव्याजी कर्ज. शेवटच्या नंबरवालीला भरले तेवढेच परत. तेच दोन हजार दरमहा बँकेच्या आवर्ती ठेवीत साडेसहा टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला सुमारे आठशे रुपये व्याज मिळालं असतं, म्हणजे तिचा तोटा आठशेचा. आर्थिक सल्लागार या आठशेवर बोट ठेवतात. त्यांच्या हिशेबात एक गोष्ट येत नाही. आवर्ती ठेवीचा हप्ता एखाद्या महिन्यात चुकला तर बँक थोडासा दंड लावते आणि गप्प बसते. भिशीचा हप्ता चुकला तर अकरा बायका विचारतात. त्या धाकाने पैसे बाजूला पडतात. आठशे रुपयांत वर्षभर वसुली, आणि वर बटाटेवडे.

धाक आहे म्हणून धोका नाही असं मात्र नव्हे. चिठ्ठीच्या भिशीत माणसं ओळखीची असतात. लिलाव भिशी, जिथे गरजवंत स्वतःचा वाटा कमी घेऊन आधी उचलतो, ती ओळखीपलीकडे पसरली की कुणीतरी उचलून पसार होतं आणि मग पोलिसही काय करणार, कागदच नसतो. 'अकरा हप्ते तुमचे, बारावा आमचा' म्हणणाऱ्या सराफी भिशीत तर आपण सराफाला वर्षभर पैसे वापरायला दिलेले असतात. दुकान चालू आहे तोवर सोनं मिळतं. गावोगावी दुकानं एका रात्रीत बंद झाली आहेत आणि पावती घेऊन शटरसमोर उभ्या राहिलेल्या बायका आपण बातम्यांत पाहिल्या आहेत.

पिग्मीचंही तसंच. १९२८ मध्ये उडुपीत सिंडिकेट बँकेच्या संस्थापकांनी दारात जाऊन रोज दोन-दोन आणे गोळा करायला सुरुवात केली. ती कल्पना आपल्याकडे पतसंस्थांनी उचलली आणि भाजीवाली, टपरीवाला, सलूनवाला यांच्यापर्यंत नेली. रोज संध्याकाळी एजंट येतो, पन्नास रुपये घेतो, मशीनमधून चिठोरं देतो. गल्ल्यातले पैसे घरी जाण्याआधी उचलणारा हा माणूस नसता तर कित्येकांकडे शिल्लक असं काही राहिलंच नसतं. पण बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतल्यासुद्धा. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. म्हणून पिग्मीची रक्कम वर्षभर साठली की उचलून बँकेत किंवा पोस्टात न्यावी. एजंट ओळखीचा आहे, आपल्या लग्नात जेवलेला आहे, हा विमा नव्हे.

डबा आता जवळपास गेलाच. भाजीवाल्याकडे क्यूआर कोडची पाटी आली आणि सुट्टे परत येणं थांबलं. सुट्टेच आले नाहीत तर पोह्यांच्या डब्यात काय टाकणार? एकतीस रुपये म्हणजे एकतीसच जातात. शिवाय खातं बहुतेकदा नवऱ्याचं, म्हणजे 'आज भाजीला एकशे ऐंशी का?' हा प्रश्न ऑफिसातून येऊ शकतो. खर्चाची नोंद आपोआप होते हे खरं, आणि महिन्याची ती यादी एकदा सावकाश वाचली तर चहा-रिक्षा-नमकीनचा आकडा बघून झोप उडते हेही खरं. पण तिच्या हातात गुपचूप उरणारं काही राहिलं नाही. ज्या घरांत हे लक्षात आलं तिथे बायकांनी स्वतःचं वेगळं खातं काढलं आणि पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ठरावीक रक्कम तिकडे वळती करून घेतली. सिलिंडर चाळीस दिवस गेला की पाच दिवसांचे पैसेही तिकडेच.

भिशीने मात्र नव्याशी जमवून घेतलं आहे. हप्ते फोनवरून येतात, चिठ्ठी काढतानाचा व्हिडिओ ग्रुपवर पडतो, वडे तेवढे अजून तळावे लागतात. दिवाळीचा नंबर सगळ्यांना हवा असतो असं बाहेरच्यांना वाटतं. तसं नसतं, दिवाळीला बहुतेकींच्या घरी बोनस आलेला असतो. खरी ओढाताण जूनच्या नंबरसाठी. शाळेची फी, वह्या-पुस्तकं, दप्तर, रेनकोट, आणि बोनसचा कुठे पत्ता नाही. काही भिश्यांमध्ये म्हणूनच जूनची चिठ्ठी टाकतच नाहीत. ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांच्यात तो नंबर पाळीने देतात. मुलं मोठी होऊन नोकरीला लागलेल्या बायका त्यावर दर वर्षी कुरकुर करतात, आणि दर वर्षी त्याच भिशीत राहतात.